आटपाडी तालुक्याचा इतिहास आणि राजकारण समजून घ्यायचंय? मग आमदारांची यादी शेवटी काढा

आपल्या माणदेशातल्या गावाचा इतिहास लिहायचाय म्हणून बरीच पोरं विचारतात, आणि बहुतेक जण आधी कोण कधी निवडून आलं तेच काढत बसतात. तसं नका करू, आधी जुनी हद्द बघा.

आटपाडी औंध संस्थानात होती. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे जुने कागद शोधताना जिल्हा सांगली म्हणून विचारलंत तर हाती काही लागायचं नाही, औंध संस्थान किंवा दक्षिण सातारा म्हणून विचारा. मोडीतलं काही निघालं तर वाचणारा माणूस गाठा, अंदाजाने लावू नका.

इथे एक गोष्ट मात्र निवांत शोधा. १९३९ ला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःची सत्ता रयतेच्या हाती दिली, गांधीजी आणि त्यांना मानणारा पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्याने घटना झाली, गावच्या प्रौढांनी पंचायत निवडायची आणि तिथून वर कारभार जायचा अशी रचना, तेही देश स्वतंत्र व्हायच्या आधी! मला तर हे आपल्या तालुक्याचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना नुसतं "जुनं काही सांगा" असं नका म्हणू, पंच कोण होते, बैठक कुठे भरायची, भांडण कसं मिटवायचे असं नेमकं विचारा. आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन या, कैद्यांना बायकापोरांसकट शेती करत ठेवणारी खुली वसाहत त्याच काळातली.

मग पाणी. इथलं राजकारण पाण्याशिवाय कळतच नाही. १९७२ चा दुष्काळ घरोघरी विचारा, खडी फोडायला कोण कुठे गेलं होतं ते लिहून घ्या. त्यानंतर १९९३ पासूनच्या आटपाडीच्या पाणी परिषदा, त्यात पुढे असलेले नेते नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्याबद्दल विचारा, आणि मागणी काय तर समन्यायी वाटप, भूमिहीनालासुद्धा पाण्यात वाटा. आज टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून येतं, वीजबिलाचे ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के शेतकऱ्याकडे, त्यामुळे आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटणार आणि आपल्या पोटचारीला, म्हणजे शेताकडच्या छोट्या पाटाला, पोचणार का यावरच गावात गट पडतात. कुणाच्या बांधापर्यंत पाटाचं पाणी गेलं आणि कुणाचं शिवार कोरडं राहिलं ते गावच्या नकाशावर स्वतः खुणा करून बघा, निम्मं राजकारण तिथेच दिसेल.

सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना सोडू नका, विहिरीतला चार आणे, आठ आणे हिस्सा तिथे सापडतो, मग त्याचा फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) काढा, भावकी कधी फुटली ते कळतं.

गलाईवाल्यांना विसरू नका, आपली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेलीत, गावच्या देवळाला आणि इलेक्शनला तिकडून पैसा येतो. यात्रेला ती गावी असतात, तेव्हाच गाठा.

आता काढा आमदारांची यादी. ती काढताना लक्षात ठेवा, आटपाडीला स्वतंत्र मतदारसंघ नाही, ती खानापूर मतदारसंघात येते आणि खानापूर तालुक्याचं मुख्य गाव विटा, त्यामुळे प्रत्येक नावापुढे माणूस विट्याकडचा की आटपाडीकडचा हे लिहा.