एडीएचडीसाठी कोचिंग लावूनही फरक पडत नाही? या चुका टाळा

'कोचिंग' म्हटले की आपल्याकडे दहावी-बारावीचे क्लास आठवतात आणि गोंधळाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. क्लासमध्ये सर शिकवतात आणि विद्यार्थी शिकतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याचा विकार, असलेल्या प्रौढासाठीच्या कोचिंगमध्ये मात्र शिकवण्यासारखे फारसे काही नसते. वीजबिल मुदतीत भरावे, मोठ्या कामाचे तुकडे पाडावेत, रात्री वेळेवर झोपावे हे त्या व्यक्तीने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यावर ती स्वतःच व्याख्यान देऊ शकेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली अनेक वर्षे हेच मांडत आले आहेत की, एडीएचडीमध्ये उणीव ज्ञानाची नसते, तर माहीत असलेली गोष्ट नेमक्या क्षणी हातून घडण्यात अडचण येते. म्हणजे कोचची मदतही त्याच क्षणी आणि त्याच जागी पोहोचायला हवी. ती भलतीकडेच पोहोचली की महिन्याला फी जात राहते आणि घरातला पसारा तसाच राहतो.

निदानाआधीच कोच गाठणे

चार रील्स पाहिल्या, प्रत्येकीत आपलेच वर्णन सापडले आणि लगेच कोचिंगचे पॅकेज घेतले, असे हल्ली बरेच होते. परंतु थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य आणि चिंताविकार यांतही लक्ष लागत नाही, कामे राहून जातात आणि विसरभोळेपणा वाढतो. हे तपासण्याचे काम मनोविकारतज्ज्ञाचे आहे, कोचचे नव्हे. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार लक्षणांपैकी अनेक लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात आणि ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी जाणवावी लागतात. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना माळ्यावरच्या पेटीतली जुनी प्रगतिपुस्तके शोधून न्यावीत. 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते' असा तिसरीतल्या बाईंचा शेरा तिथे खरोखर उपयोगी पडतो. शांत बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर असा शेराही अनेकदा मिळत नाही, कारण त्यांचा त्रास कोणाला झालेला नसतो. अशा वेळी आई किंवा मोठ्या भावंडांना सोबत नेणे चांगले.

प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होणे

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. 'कोच' या शब्दाला असे कायद्याचे कुंपण नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारखी संस्था प्रमाणपत्रे देते, परंतु ती कोचिंगच्या कौशल्याची असतात, एडीएचडीच्या जाणकारीची नसतात. म्हणून पहिल्याच फोनवर सरळ विचारावे: एडीएचडी असलेल्या किती जणांबरोबर आपण काम केले आहे, माझ्या डॉक्टरांशी गरज पडल्यास बोलाल का आणि कोणत्या परिस्थितीत मला दुसऱ्याकडे पाठवाल? या शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्याकडे न गेलेले बरे. '२१ दिवसांत एडीएचडी बरा' किंवा 'गोळ्यांची गरजच उरणार नाही' असे सांगणाऱ्याचा तर फोन तिथेच ठेवावा.

संशोधनाबाबतही प्रामाणिक राहावे लागते. औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, विचार आणि वर्तनाच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचा (सीबीटी) उपयोग शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडण्याचे सराव, आणि त्याला जोडलेली एडीएचडीची माहिती यांपेक्षा अधिक दिसला. त्या उपचारात शिकवलेली वेळेच्या नियोजनाची आणि काम मांडण्याची तंत्रे कोचही वापरतात, पण तो मानसोपचार होता. कोचिंगवरचा अभ्यास त्या मानाने विरळ आहे. त्यामुळे कोचिंग हे उपचाराला जोड म्हणून घ्यावे आणि औषध सुरू, बंद किंवा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

दुसऱ्याची पद्धत अंगावर चढवणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एका हार्डवेअर दुकानदाराचे उदाहरण घेऊ. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते आणि उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते, हे त्याला पाठ आहे. तरीही खरेदीची बिले अकाउंटंटकडे कधीच वेळेवर पोहोचत नाहीत. कोच त्याला चांगल्या कागदाची डायरी घ्यायला सांगतो, रोज रात्री दहा मिनिटे नोंदी करायला सांगतो आणि फोनवर आठवण लावून देतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. तिसऱ्या आठवड्यात आठवणीचा गजर वाजतो तेव्हा समोर गिऱ्हाईक उभे असते, बोट आपोआप 'बंद करा'वर जाते आणि डायरी गल्ल्याखाली जाऊन बसते. दुकानदार स्वतःला आळशी म्हणू लागतो आणि कोच 'शिस्त वाढवा' म्हणतो.

व्यक्तिगत कोचिंगची खरी सुरुवात इथे होते, कारण आता विचारायचे ते हे की बिल नेमके कुठे हरवते. दोघे मिळून एका दिवसाचा माग काढतात. टेम्पो येतो, माल उतरतो, ड्रायव्हर घाईत बिल हातात देतो, हात मोकळा हवा म्हणून ते शर्टाच्या खिशात जाते आणि शर्ट रात्री धुण्यात जातो. अर्धी बिले वॉशिंग मशीनमध्ये लगदा होऊन निघतात. म्हणजे रात्रीच्या डायरीचा या दुखण्याशी काहीच संबंध नव्हता; काम सुटत होते ते सकाळी ११ वाजता, दुकानाच्या पायरीवर. मग उपायही पायरीवरच हवा. दाराच्या चौकटीला, खांद्याच्या उंचीवर, एक खिळा ठोकला जातो आणि नियम एवढाच ठरतो की बिल हातात आले की आधी त्याचा फोटो काढून अकाउंटंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि मग बिल खिळ्याला टोचायचे. त्यानंतरच ड्रायव्हरला पैसे द्यायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेल्या 'जर असे झाले, तर मी तसे करीन' या धाटणीच्या योजना नेमक्या अशाच असतात: आठवण ठेवण्याचे ओझे डोक्यावर राहत नाही, ते समोरच्या प्रसंगावर जाते.

हाच खिळा कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना किंवा घरून काम करणाऱ्या प्रोग्रामरला निरुपयोगी ठरेल. एखाद्याला काम सुरू करणेच जमत नसेल, तर फोनवर एक मित्र आपले काम करत नुसता सोबत बसला तरी गाडे हलते. दुसऱ्याचे काम सुरू होते पण थांबत नाही, त्याला उठवणारे कोणीतरी लागते. दोघांनाही 'वेळेचे नियोजन जमत नाही' असेच वाटत असते. कोच पहिल्या दोन भेटींत अशा प्रसंगांचा माग न काढता तयार तक्ते पाठवत असेल, तर ते कोचिंग व्यक्तिगत नाही.

फसलेला आठवडा लपवणे

'या आठवड्यात काहीच केले नाही, आता कोणत्या तोंडाने भेटू' असे म्हणून ऐन वेळी भेट रद्द केली जाते. वर्षानुवर्षे वेंधळा, धांदरट, बेजबाबदार ही विशेषणे ऐकलेल्या माणसाला कोचही आणखी एक शिक्षक वाटू लागतो, आणि गृहपाठ न केलेला मुलगा शाळा चुकवतो तसे हे घडते. प्रत्यक्षात सगळे सुरळीत झालेल्या आठवड्यातून कोचला फारसे काही कळत नाही. कोणत्या वारी आणि कशानंतर योजना कोसळली, यातूनच पुढचा बदल ठरतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे की काम झाले नसेल तर भेट हटकून व्हायची, हवी तर १५ मिनिटांची. एका वेळी एकच बदल हाती घेणेही त्यासाठीच आवश्यक आहे, कारण पाच सवयी एकदम सुरू केल्या तर कोणती कशाने मोडली ते कळत नाही.

घरच्यांना पर्यवेक्षक नेमणे

'तू मला आठवण करत जा' हे जोडीदाराला सांगणे सोपे असते. दोन महिन्यांत नवरा-बायकोचे नाते मुख्याध्यापक आणि विद्यार्थ्याचे होते. घरच्यांकडून मदत घ्यावी, पण ती ठरावीक आणि मोजकी असावी: शनिवारी सकाळी चहाबरोबर दहा मिनिटे आठवड्याची बिले पाहायची आणि त्याव्यतिरिक्त कोणी विषय काढायचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत गणित उलटे असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला कोचसमोर बसवण्यापेक्षा आईवडिलांचे प्रशिक्षण अधिक उपयोगी ठरते, कारण दप्तर भरण्याच्या वेळी कोच घरात नसतो.

औषधाचे वेळापत्रक कोचला न सांगणे

एडीएचडीवर दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन-चार तास टिकतो. सगळी किचकट कामे संध्याकाळी ठेवली आणि गोळी सकाळी घेतली, तर योजना कितीही सुबक असली तरी ती चालत नाही. कोचने गोळीबद्दल सल्ला द्यायचा नाही. कामांची मांडणी मात्र त्या तासांभोवती करायची.

पद्धत जुनी होणार हे न धरणे

एडीएचडी असलेल्या माणसाला नावीन्याची ओढ असते आणि जुन्या गोष्टी नजरेतून पुसल्या जातात. सहा महिन्यांनी तो दुकानदार खिळ्यासमोरून जाईल आणि त्याला तो दिसणारही नाही. कदाचित त्यावर कॅलेंडर लटकलेले असेल. याला अपयश समजून कोचिंग सोडले जाते किंवा नवा कोच शोधला जातो. त्याऐवजी भेटी आठवड्याऐवजी महिन्यावर आणण्यापूर्वीच कोचबरोबर दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: खिळा काम करेनासा झाला हे कशावरून ओळखायचे, आणि तेव्हा तो चौकटीवरून काढून कुठे ठोकायचा.