या चुका टाळा: चेन, वेल्क्रो आणि पांढरी विधवा

ऐतिहासिक मालिकेचा नवा प्रोमो आला की सगळे घोडे आणि तलवारी बघतात. मी पाठी बघते. सतराव्या शतकातली सरदारीण महालात वळते आणि चोळीच्या मागे मानेपासून कमरेपर्यंत चेन चमकते. आज वापरतो त्या चेनचं पेटंट गिडियन सुंडबॅकला अमेरिकेत १९१७ मध्ये मिळालं. ती बाईसाहेबांपर्यंत कशी पोचली, हे विचारायची सेटवर सोय नाही. उत्तर ठरलेलं असतं, "कॅमेऱ्यात दिसत नाही हो, ताई." दिसतं. लोक आता मोबाइलवर दृश्य थांबवतात, दोन बोटांनी मोठं करतात आणि तासाभरात त्याचे मीम फिरायला लागतात.

मी कपडेपट सांभाळते, मुख्यतः शिवकाल आणि पेशवाई. तेवढ्यापुरतंच इथे लिहिते.

आधी मुद्द्याचं सांगते. त्या काळातला बराचसा कपडा नेसायचा, गुंडाळायचा आणि बांधायचा होता. शिवण असायची, पण अंगावर कपडा टिकायचा तो गाठीवर. आपण सगळं शिवून, चिकटवून, टाचून मोकळे होतो, कारण कॉलटाइम सातचा असतो आणि कलाकार पावणेसातला येतो. निम्म्याहून जास्त चुका या घाईतून येतात. अभ्यास कमी पडल्यामुळे होणाऱ्या चुका त्या मानाने थोड्या.

बंद कुठल्या बाजूला?

हा माझा जुना दुखरा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

जामा, म्हणजे लांब घेरदार अंगरखा, छातीवर आडवा येतो आणि काखेखाली बंदांनी बांधला जातो. मुघलकालीन चित्रं नीट पाहिलीत तर साधारण संकेत लक्षात येतो: मुसलमान सरदाराचे बंद उजव्या काखेखाली, हिंदू सरदाराचे डाव्या. चित्रातला माणूस कोण हे ठरवताना अभ्यासक याचाही आधार घेतात. म्हणजे एका गाठीवरून माणूस ओळखू येतो. आणि आपण काय करतो? भाड्याच्या गोदामातून गठ्ठ्याने जामे उचलतो, सगळे एकाच फर्म्यावर कापलेले, सगळे उजवीकडे, आणि बंदांच्या जागी वेल्क्रो. वर शोभेला दोन गोंडे.

एका मालिकेच्या लढाईच्या प्रसंगात हेच झालं. मराठे आणि आदिलशाही फौज एकाच गोदामातून सजलेली. फरक काय, तर इकडे भगवे पटके, तिकडे हिरवे. वेल्क्रोचा जामा उलट्या बाजूला फिरवता येत नाही, कारण पुढचा पल्लाच तसा कापलेला असतो. मग मी आणि ड्रेसदादांनी रात्री बसून पहिल्या रांगेतल्या मराठ्यांचे पल्ले उसवले, डावीकडे फिरवले, सुती बंद लावले. उरलेल्यांना दिग्दर्शकाने मागे, धुळीत ठेवायचं कबूल केलं. सकाळी फौज उभी राहिली तेव्हा डोळे निवले.

प्रसंग टीव्हीवर लागला तेव्हा आमचे मराठे उजवीकडे बांधलेले आणि शत्रू डावीकडे. एडिटरने शॉट आरशासारखा उलटवला होता. दोन्ही फौजा पडद्यावर एकाच दिशेने धावताना दिसत होत्या म्हणे, म्हणून त्याने एक बाजू फिरवली आणि मग सलगतेसाठी दुसरीही. अख्खी मराठी फौज डावखुरी झाली. म्यानं उजव्या कमरेला गेली. एवढं कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि चॅनेलवाल्यांनी मला "लढाईतले कपडे छान दिसले" असा निरोप पाठवला.

तेव्हापासूनची माझी सवय: बंदांच्या बाजूची नोंद कंटिन्युइटीच्या वहीत (कुठल्या शॉटमध्ये कपडा कसा होता, ते लिहायच्या वहीत) करते आणि तिची प्रत एडिटिंगला पाठवते. वर लाल शाईत "शॉट उलटवू नये". नवीन मुलं हसतात. हसू देत.

वेल्क्रोबद्दल आणखी एक. ते १९५०च्या दशकातलं आहे हे सोडा, त्याला आवाज असतो. राजा मध्यरात्री एकांतात जामा उतरवतोय, पार्श्वसंगीत थांबलंय, आणि चर्रर्र. साउंडवाला माझ्याकडे बघतो.

विधवा म्हणजे पांढरी साडी

हिंदी सिनेमा बघून वाढलेल्या प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं आहे. पेशवाईतल्या पुण्यात ब्राह्मण घरातली बाई विधवा झाली, केशवपन झालं की तिच्या अंगावर यायचं ते आलवण, आणि ते बहुतेक तांबडं असायचं. बिनकाठाचं, जाडंभरडं, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं. चोळी नाही, कुंकू नाही, बांगड्या नाहीत. पांढरी शुभ्र जॉर्जेट, मोकळे कुरळे केस आणि कानात छोटेसे मोती असली सोवळी बाई मराठी मालिकांशिवाय कुठे आढळत नाही.

आणि हेही लक्षात ठेवा की हे ब्राह्मण घरातलं. ज्या समाजांत पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न करायची रीत होती, तिथल्या बाईला आलवण नेसवलंत तर ती उलट दिशेची चूक. पटकथेत "विधवा" एवढंच लिहिलेलं असेल तर आधी लेखकाला विचारा, कोणाची, कुठली, कोणत्या सालातली. लेखकाला ठाऊक नसेल तर त्यालाही शोधायला लावा.

एका चॅनेलच्या बाईंशी मी यावरून फोनवर बरीच भांडले होते. त्यांचं म्हणणं, "लाल? अहो, प्रेक्षकांना ती नवरी वाटेल. दुःख दिसायला पाहिजे ना." मी त्यांना सोवळ्या बायांचे जुने फोटो पाठवले. उत्तर आलं, "ते ब्लॅक अँड व्हाइट आहेत, रंग कुठे कळतोय?" याच्यापुढे काय बोलणार! शेवटी निकाल लावला तो कॅमेरामनने. समईच्या उजेडाचा सेट, काळपट लाकडी खांब, आणि त्यात पांढरी जॉर्जेट भगभगायला लागली. बाई हडळीसारखी दिसत होती. तांबड्या आलवणात तोच चेहरा अंधारातून हळूच वर आला. कॅमेरामन म्हणाला, "मला हे पाहिजे." इतिहासाला कोणी विचारलं नाही, एक्स्पोजरने काम केलं.

चॅनेलने तरी एक हट्ट सोडला नाही. "निदान बारीक सोनेरी काठ तरी ठेवा, फार गरीब दिसतंय." ठेवला. मग रात्री धावदोरा घालून तो आत दुमडला. कोणी विचारलंच असतं तर काठ होता म्हणून सांगता आलं असतं.

व्यवहाराची गोष्ट: आलवण कपाळापर्यंत ओढलं तर टकलाची टोपी लावायची गरज पडत नाही. ती टोपी कपाळावर चुणी पाडते आणि क्लोजअपमध्ये सगळं नाटक उघडं पाडते. केस घट्ट बांधा, आलवणाला घाम पुसायच्या पंच्यासारखं जाडसर सुती कापड घ्या, जे घसरत नाही.

शिवलेली नऊवारी

इलॅस्टिक लावलेली, पायजम्यासारखी चढवायची रेडिमेड नऊवारी मंगळागौरीच्या कार्यक्रमाला ठीक आहे. मालिकेत नको. बाई मांडी घालून बसली की निऱ्या जागच्या हलत नाहीत, चालली तरी काष्टा एकाच कोनात ताठ. हात बसला की नऊवारी नेसवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती वाचवायला तुम्ही सगळं नेसण घालवता.

त्यात सगळ्या बायांचं नेसण एकच. कोळणीचं घट्ट आणि आखूड, शेतात राबणारीचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वाड्यातल्या बाईचं घोट्यापर्यंत घोळदार. दासी आणि मालकीण एकाच फर्म्यातल्या असतील तर संवादांनी कितीही सांगितलं तरी डोळ्यांना पटत नाही. साडीला फॉल लावलेला असेल तर तो उसवा. पदराच्या चुण्या करून खांद्यावर पिन मारू नका. सेफ्टी पिनचं पेटंट वॉल्टर हंटने १८४९ मध्ये घेतलं, तेव्हा पेशवाई संपून तीस वर्षं झाली होती. मी तालमीला पिना देतच नाही. मुली कुरकुरतात, पदर पडतो, सावरतात. त्या सावरण्यातच भूमिकेचं अर्धं काम होतं. पिन लावली की हात लोंबकळत राहतात आणि दिग्दर्शक मला विचारतो, ही इतकी आजची का वाटते?

चोळी खणाची, पुढे गाठ, बाही कोपरापर्यंत. पाठीवर लटकन लावणाऱ्या टेलरशी मी बोलत नाही.

पगडी

थोरल्या बाजीरावांच्या काळातल्या माणसाला पुणेरी पगडी घालू नका. तुमच्या डोळ्यांपुढे जी आहे ती न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्यांच्या डोक्यावरची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. बाजीराव १७४० मध्ये गेले. आणि लग्नातला बांधणीचा फेटा शिपायांच्या डोक्यावर नको. शिपाई मुंडासं गुंडाळायचा, रोज, स्वतःच्या हाताने, त्यामुळे दोन मुंडाशी एकसारखी नसत. ज्युनियर आर्टिस्टना कापड द्या आणि त्यांनाच गुंडाळू द्या. जे वेडंवाकडं होईल तेच बरोबर.

रंग

विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये बनवला. त्याआधी मंजिष्ठ, नीळ, लाख, कुसुंबा, हळद, डाळिंबाची साल. त्यामुळे रानी पिंक आणि निऑन पोपटी बाद. मात्र हे ऐकून काही हुशार मंडळी दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळ्या फौजेला चहाच्या पाण्यात बुडवून मातकट करतात. याला ते "रिअलिस्टिक लुक" म्हणतात. मला हे पहिल्या चुकीपेक्षाही जास्त खटकतं. कुसुंब्याचा गुलाबी आणि निळीचा निळा चांगला तळपतो. जुने लोक रंगाचे शौकीन होते, गरीबसुद्धा. कृत्रिम रंग एलईडीखाली सपाट दिसतो. वनस्पतीचा रंग उन्हात एक आणि सावलीत एक दिसतो, म्हणून कापड दुकानाबाहेर, उन्हात आणून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

शत्रू म्हणजे काळे कपडे आणि डोळ्यांत काजळ, ही वेशभूषा नव्हे. दख्खनेतल्या दरबारांचा पेहराव एकमेकांच्या बराच जवळचा होता, आणि उन्हाळ्यात सगळेच झिरझिरीत मलमल घालत. मखमलीत घामाघूम झालेले सरदार भाड्याच्या गोदामांनी जन्माला घातले.

पटापट उरलेल्या

चिलखत: लोकरीचं विणून चंदेरी फवारा मारलेलं चिलखत धावताना हेलकावे खात नाही, वजन नसतं. निदान पुढच्या चारजणांना खरं, धातूच्या कड्यांचं द्या.

चपला: क्लोजअपमध्ये रबरी तळवा. कृपा करा.

टिकली: चिकटवायची टिकली नको. मेण आणि वर पिंजर (कुंकवाची पूड), आणि ते घामाने थोडं ओघळू द्या.

पैठणी: यंत्रमागावरच्या सेमी पैठणीच्या उलट्या बाजूला धागे लोंबतात. पदर वाऱ्यावर उडाला की ते दिसतात. हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते.

नथ: रामायण-महाभारताची मालिका करत असाल तर नथ काढून ठेवा. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी नाकातल्या दागिन्यांवर लिहिलेलं वाचा. प्राचीन भारतात त्याचा पुरावा मिळत नाही.

आणि संदर्भ कुठून आणता?

नवी मुलं फोन पुढे करतात: पिंटरेस्ट, नाहीतर एआयने बनवलेलं चित्र, ज्यात शिवरायांच्या कमरेला दोन पट्टे आणि दोन्हींना बकल. दुसरा वर्ग त्याहून कठीण, तो मागच्या वर्षीच्या मालिकेची नक्कल करतो. ती मालिका त्याआधीच्या सिनेमाची नक्कल, तो सिनेमा कॅलेंडरची.

शिवाजी महाराजांचं समकालीन चित्र इतिहासकार वा. सी. बेंद्र्यांनी १९३३ मध्ये लोकांपुढे आणलं. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून घरोघरी होतं. मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातलं घोड्यावरचं चित्र पॅरिसला आहे, ते नेटवर मोठं करून बघता येतं. पेशवाईसाठी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९०च्या दशकात पुण्यात काढलेली चित्रं बघा. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस समोर बसलेत, पांढरा पोशाख, मोती, शाल. किती कमी नक्षी आहे ते मोजा, आणि मग तुमच्या सेटवरच्या कारकुनाच्या अंगावरची जर मोजा.

पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. फोटो काढून बाहेर येऊ नका. काचेसमोर उभं राहून एका कपड्याची शिवण कागदावर काढा, गाठ कुठे आहे, बंद किती रुंद, अस्तर आहे का. मी कोणत्याही साहाय्यकाला पहिल्या दिवशी हेच काम देते. जो अर्ध्या तासात "झालं ताई" म्हणत परत येतो, त्याला मी ज्युनियर आर्टिस्टच्या इस्त्रीवर बसवते.