फुटक्या स्क्रीनच्या लॅपटॉपवरून घरभर गाणी

माझ्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली तेव्हा दुरुस्तीचा खर्च ऐकून मी तो कपाटात टाकून दिला. तीन वर्षांनी बाहेर काढला तो गाण्यांसाठी. सीडींवरून उतरवलेली, चार पेनड्राइव्हवर विखुरलेली बरीच गाणी होती आणि हवं ते नेमकं न सापडणाऱ्या पेनड्राइव्हवर असायचं. आता तो लॅपटॉप झाकण मिटून राउटरशेजारी उभा असतो. त्यातली गाणी फोनवर वाजतात आणि बाहेरच्या खोलीतल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरही. विकत घेतलं ते एक छोटं रास्पबेरी पाय (एका बोर्डवरचा इवलासा कॉम्प्युटर), एक यूएसबी डॅक (डिजिटल गाणं अ‍ॅम्प्लिफायरला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा) आणि एक डिस्क. सर्व्हर, म्हणजे गाणी पुरवणारा हा लॅपटॉप, एका रविवारात उभा राहिला. त्यात गाणी नीट सापडायला मात्र दोन महिने लागले.

आधी यंत्राचं बघू. गाणी पाठवायला फारशी ताकद लागत नाही. सीडीवरचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा म्हटला तरी सेकंदाला १,४११ किलोबिट, आणि फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा प्रकार) बांधला की साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास. दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही हे काम झोपेत करेल. फक्त प्रोसेसर ६४-बिट असावा, कारण डेबियन या लिनक्स सिस्टमच्या १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट मशिनवर नव्याने बसवायची सोय राहिलेली नाही. लॅपटॉपची बॅटरी थोडीफार जिवंत असेल तर तो फुकटचा यूपीएस. पण टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं कव्हर फुगलं असेल, तर बॅटरी आधी काढा आणि मगच पुढचं वाचा. माझा लॅपटॉप नुसता पडून असताना १० वॅट खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवून महिन्याला सातेक युनिट.

स्क्रीन फुटलेली असल्याने बसवताना एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये शेवटी काय काय हवं असं विचारतात, तिथे डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढायच्या आणि एसएसएच सर्व्हरची (नेटवर्कवरून लॅपटॉपला हुकूम देण्याची सोय) तेवढी ठेवायची. त्यानंतर टीव्हीची गरज नाही, सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने. मी हे केलं, झाकण लावलं, आणि सर्व्हर गप्प! झाकण मिटलं की झोपायचं, हे लॅपटॉपच्या हाडीमासी भिनलेलं असतं. झाकणाकडे लक्ष ठेवणाऱ्या लॉगइनडी या प्रोग्रामच्या सेटिंग फाइलमध्ये (logind.conf) ‘हँडल लिड स्विच’ (HandleLidSwitch) अशी ओळ असते. तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढायचं, पुढे ‘इग्नोर’ (ignore) लिहायचं आणि एकदा रीस्टार्ट करायचं.

सर्व्हर राउटरला केबलनेच जोडा. वायरलेस म्हणजे सगळंच वायरलेस असायला हवं असं नाही. सर्व्हरही वायफायवर आणि फोनही वायफायवर असला तर प्रत्येक गाणं हवेतून दोनदा जातं, एकदा सर्व्हरकडून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून तुमच्याकडे. केबलने यातली एक फेरी वाचते. त्याच वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरला कायमचा पत्ता राखून द्या, नाहीतर कधीतरी पत्ता बदलेल आणि तुम्ही सगळं सोडून सर्व्हर शोधत बसाल.

डिस्क किती मोठी हवी? फ्लॅकमधला पाऊण तासाचा अल्बम साधारण ३०० एमबीचा धरला तर ५०० अल्बम १५० जीबीत बसतात. त्यामुळे मोठ्या डिस्कच्या मागे लागू नका. ती लिनक्सच्या ईएक्सटी४ (ext4) प्रकारात फॉरमॅट करा आणि डिस्कची यादी असणाऱ्या एफएसटॅब (fstab) फाइलमध्ये तिच्या यूयूआयडीने, म्हणजे कायमच्या ओळख क्रमांकाने, नोंदवा. त्या ओळीत ‘नोफेल’ (nofail), म्हणजे डिस्क नसली तरी पुढे चल, हा शब्द विसरू नका. मी विसरले होते. एकदा साफसफाईत डिस्कची केबल निघाली, नंतर सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि तो नसलेल्या डिस्कची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसला. एसएसएच बंद, स्क्रीन फुटकी. पुन्हा टीव्ही, पुन्हा केबल, आणि सगळा घोळ एका शब्दासाठी.

आता सॉफ्टवेअर. मी दोन ठेवली आहेत आणि दोन्ही त्याच एका फोल्डरमधून गाणी वाचतात. फोन आणि हेडफोनसाठी नॅव्हिड्रोम, स्पीकरसाठी लिरिऑन. एकच ठेवायचं असेल तर आपण गाणी जास्त कुठे ऐकतो ते बघून ठरवा.

नॅव्हिड्रोमचं डेबियनसाठी तयार पॅकेज मिळतं. बसवल्यावर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये गाण्यांच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, सर्व्हिस सुरू करायची आणि ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे ४५३३ हा पोर्ट, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या दाराचा नंबर, लिहून उघडायचं. पहिल्या भेटीत जो खातं उघडेल तोच अ‍ॅडमिन. यादी रिकामी दिसली तर गाणी हरवली म्हणून घाबरू नका, दहातल्या नऊ वेळा परवानगीचा प्रश्न असतो. नॅव्हिड्रोम स्वतःच्या वेगळ्या युजरनेमने चालतो, त्या युजरला डिस्कवरचे फोल्डर वाचता यायला हवेत. फोनवर सबसॉनिक या म्युझिक सर्व्हरची भाषा बोलणारं कुठलंही अ‍ॅप चालतं. अँड्रॉइडवर सिम्फोनियम किंवा सबस्ट्रीमर, आयफोनवर अ‍ॅम्पर्फाय.

लिरिऑन म्हणजे जुना लॉजिटेक मीडिया सर्व्हर. ज्याच्यासाठी तो होता तो स्क्वीझबॉक्स हा प्लेअर कधीचाच बंद झाला, पण सर्व्हर लोकांनी जिवंत ठेवला आणि २०२४ पासून तो या नावाने ओळखला जातो. त्याचा पोर्ट ९०००. त्याची खुबी अशी की दोन खोल्यांतले प्लेअर एकत्र बांधले की दोन्हीकडे गाणं एकाच ठेक्यावर वाजतं, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आलं तरी ताल मोडत नाही.

प्लेअर म्हणून मी रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू घेतलं. त्याला हेडफोनचा जॅक नसतो, म्हणून ओटीजी अडॅप्टर आणि त्याला यूएसबी डॅक, तिथून अ‍ॅम्प्लिफायरला वायर. त्याच्या मेमरी कार्डवर पायकोअरप्लेअर टाकलं. ही सिस्टम चालू झाली की स्वतःला रॅममध्ये उचलून घेते, त्यामुळे थेट प्लग काढला तरी कार्ड खराब व्हायची धास्ती नाही. जिथे घरचे लोक अ‍ॅम्प्लिफायरबरोबर सगळंच बटणाने बंद करतात तिथे हे हवंच. वायफायचं नाव आणि पासवर्ड कार्डवरच्या नमुना फाइलमध्ये आधीच लिहून ठेवता येतो. चालू झाल्यावर त्याच्या वेबपानावर आउटपुट यूएसबी निवडा, पाय सर्व्हरला आपणहून शोधतो.

माझा पाय पहिले चार दिवस गाण्याच्या मधेच अडखळायचा. मी बफर वाढवला, राउटरचं चॅनल बदललं, चार्जर बदलला, शेवटी डॅकवरही संशय घेतला. मग एकदा तो हातात धरून बघत असताना गाणं अखंड वाजलं. खाली ठेवला, की परत अडखळ. झीरोचा अँटेना बोर्डवरच असतो, एक इवलासा त्रिकोण, आणि मी तो बोर्ड अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला चिकटवून मागे दडवला होता. तोच पाय वीतभर वर लाकडी फळीवर ठेवला आणि आजतागायत अडखळलेला नाही. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, पण गाण्यांना तेवढं पुरतं, आणि भिंतीतून जायला ५ गिगाहर्ट्झपेक्षा तेच बरं.

आता ते दोन महिने. नॅव्हिड्रोम तुमची फोल्डरं बघत नाही, फाइलच्या आतले टॅग, म्हणजे गायक, अल्बम वगैरेंच्या नोंदी, बघतो. मी अल्बमनुसार सुरेख फोल्डर लावले होते, त्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. एकाच मैफलीच्या रेकॉर्डिंगचे माझ्याकडे पाच अल्बम दिसत होते, कारण गायकाचं नाव कुठे रोमनमध्ये, कुठे देवनागरीत, कुठे आधी ‘पं.’, कुठे ‘पंडित’, आणि एका ट्रॅकवर तबलावादकासह. इलाज असा की ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना सगळ्या ट्रॅकवर अक्षरशः सारखा हवा. ‘आर्टिस्ट’मध्ये मग कितीही नावं असोत. निरनिराळ्या गायकांच्या संग्रहाला ‘कंपायलेशन’ची खूण करायची, नाहीतर वीस गाण्यांचे वीस अल्बम होतात.

ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा अनाथ फाइलींसाठी म्युझिकब्रेंझचं पिकार्ड वापरा. ते आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतं. मात्र ओळखलं म्हणून लगेच सेव्ह करू नका, आधी नजर फिरवा. माझ्या एका मूळ रेकॉर्डिंगला त्याने संकलनाच्या सीडीत नेऊन बसवलं होतं. एकगठ्ठा दुरुस्तीसाठी किड३ सोपं आहे. आणि लिपी एकच ठरवा. मी देवनागरी ठरवली, कारण रोमनमध्ये ‘ळ’ची रोज नवी स्पेलिंगं निघत होती. रोज रात्री दहा अल्बम, त्याहून जास्त केले की डोळे चुका सोडून देतात.

बाहेरून ऐकायचं असेल तर राउटरचा पोर्ट उघडून सर्व्हर जगासमोर ठेवू नका. टेलस्केल हे खाजगी नेटवर्क बांधणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर आणि फोनवर टाकलं की फोन कुठेही असला तरी घरातच असल्यासारखा वागतो. मोबाइल डेटावर असताना अ‍ॅपमध्ये १२८ किलोबिटचं ओपस निवडा, सर्व्हर फ्लॅक वाटेतच छोटं करून पाठवेल.

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आर-सिंक (rsync) या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने, आठवड्याला. गाणी कदाचित पुन्हा मिळतील, दुरुस्त केलेले टॅग मिळणार नाहीत. नॅव्हिड्रोमचा डेटाबेसही त्यात घ्या, प्लेलिस्ट आणि आवडीच्या खुणा त्यातच असतात.

शेवटी एक चाचणी करा: सर्व्हर नीट बंद करा, मग राउटर आणि पायचेही प्लग काढा, पाच मिनिटांनी सगळं पुन्हा चालू करा आणि त्यानंतर कशालाही हात न लावता गाणं वाजतं का बघा. माझ्या पहिल्या चाचणीत सर्व्हर, राउटर, पाय सगळे उठले होते आणि खोलीत शांतता होती. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबायचं मीच विसरले होते.