सल्ला गिळायचा कसा?

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात समुपदेशक आहे. त्याआधी अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे समोरच्यानं ‘मॅडम’ म्हणायचा अवकाश, माझं उत्तर तयार. ही खोड जरा तरी सुटली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्रित पद्धतीमुळे (सल्ला देण्याऐवजी समोरच्याला समजून घेत ऐकायचं) आणि मोबाईलच्या रेकॉर्डरमुळे. तुम्हालाही करून बघता येईल.

घरातलं किंवा ओळखीचं कुणी गाठा. रेकॉर्ड करणार आहे हे सांगून परवानगी घ्या. त्यांनी स्वतःची एखादी खरी पण छोटी अडचण वीस मिनिटं सांगायची. (सासू-सून प्रकरण पहिल्या दिवशी नको.) मग वही घेऊन एकट्यानं ऐका आणि फक्त स्वतःची वाक्यं मोजा. सल्ला दिला तिथे ‘स’, चौकशी केली तिथे ‘चौ’, समजलेलं सांगून पाहिलं तिथे ‘ऐ’. माझे पहिल्या वेळी ‘स’ चौदा होते. ‘ऐ’ एकच, आणि तोही नुसता हुंकार.

रॉजर्स यांनीही ओहायो स्टेट विद्यापीठात असताना सत्रं तबकड्यांवर नोंदवली आणि १९४२च्या पुस्तकात एक अख्खी केस शब्दशः छापली. पण त्यांना ठेच लागली होती ती आधीच, रॉचेस्टर शहरात मुलांसाठी काम करताना. एका व्रात्य मुलाच्या आईला ते तिचं काय चुकतंय हे परोपरीनं समजावत होते. काही उपयोग होईना, तेव्हा दोघांनी थांबायचं ठरवलं. दारापर्यंत गेलेली बाई वळून म्हणाली, इथे मोठ्या माणसांनाही बघता का? मग परत बसून तिनं आपल्या संसाराचं दुःख सांगितलं. ते मुलाच्या फायलीत कुठेच नव्हतं.

आता बोलायचं काय? माझ्या भाचीचं उदाहरण देते. ती म्हणाली, “मावशी, बाबा फोनवर फक्त मार्क विचारतात.”

“अगं, काळजी असते त्यांना,” म्हणालात की तुम्ही बाबांचे वकील झालात. “बाबा फक्त मार्क विचारतात,” असं जसंच्या तसं परत म्हणणं ही पोपटपंची. रॉजर्स यांच्या नावावर ती पुष्कळ खपली, त्यांना मात्र तिचा वैताग होता. आपण काय समजलो ते सांगायचं आणि बरोबर आहे का ते तपासायचं, एवढंच त्यांना अभिप्रेत होतं. मी म्हटलं, “तू कशी आहेस हे कुणी विचारतच नाही, असं वाटतं का?”

“नाही गं, विचारतात. पण मार्क सांगून झाल्यावर.”

माझा अंदाज चुकला, आणि त्यामुळेच खरं दुखणं कळलं. म्हणून वाक्य थोडं प्रश्नार्थक सोडा, समोरच्याला ते दुरुस्त करायला जागा ठेवा.

१९५७च्या लेखात रॉजर्स यांनी बदलासाठी आवश्यक अटी मांडल्या. त्यांत समानुभूतीबरोबर (समोरच्याचं त्याच्या जागी जाऊन समजून घेणं) विनाअट स्वीकार आहे आणि सच्चेपणाही. मला स्वीकार सगळ्यात जड जातो. एक मुलगा कॉपी केल्याचं सांगत होता आणि माझ्यातली पर्यवेक्षक उठून उभी राहिली. शेवटी म्हटलं, “मला राग येतोय, लपवत नाही. पण तुझं पुढचं ऐकायचंय.” स्वीकार माणसाचा करायचा, कॉपीला होकार द्यायचा नाही.

सल्ला नाही दिला तर माणूस भरकटेल, अशी भीती वाटते. लहानपणी तळघरात ठेवलेल्या बटाट्यांना फुटलेले फिकट कोंब दूरच्या खिडकीकडे वाढत जायचे, हे रॉजर्स यांना आठवे. अंधारातही वाढीची दिशा आतूनच येते, यावर त्यांची भिस्त होती.

मात्र कुणी जीव द्यायच्या गोष्टी बोलू लागलं तर हा सराव बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आठ दिवसांनी पुन्हा रेकॉर्ड करा. दुसऱ्या खेपेला मी नवऱ्याला बसवलं. ‘स’ पाचवर आले. विसाव्या मिनिटाला त्याचा आवाज येतो, “तुला बरं वाटत नाहीये का? काही बोलली नाहीस.”