एकाच हिशोबपट्टीवर तिघे: जुन्या पीएचपीत कसं निभवायचं

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याचं जुनं पीएचपी आणि मायएसक्यूएलवरचं सॉफ्टवेअर मी नाशिकहून सांभाळते. लिलाव सुरू झाला की काट्यावरचा मुलगा शेतकऱ्याच्या पट्टीत (म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावतीत) वजन भरतो, ऑफिसातल्या ताई त्याच पट्टीत उचल (आधी दिलेले पैसे) वजा करतात आणि शेठ मोबाइलवरून भाव दुरुस्त करतात. पट्टी तिघांनीही आधीच उघडलेली असते. शेवटी जो सेव्ह दाबेल, त्याच्या स्क्रीनवरचे शिळे आकडे बाकीच्यांचं काम पुसतात. नुकसान शेतकऱ्याचं होतं, म्हणून हे काम मला टाळवत नाही. मोठा सर्व्हर घेऊन ते सुटत नाही. सगळा कोड नव्याने लिहायचीही गरज नाही.

आधी टेबलांचं इंजिन, म्हणजे मायएसक्यूएल ती टेबलं ज्या पद्धतीने साठवतं ते, बघा. मायएसक्यूएल 5.5 पासून इनोडीबी डीफॉल्ट आहे, पण त्याआधीची टेबलं बऱ्याचदा मायआयसॅमवरच पडून असतात. तिथे ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकतर सगळे, नाहीतर एकही नाही) चालत नाही. रोलबॅक (बदल मागे घेण्याचा हुकूम) दिला तरी लिहिलेलं तसंच राहतं. बॅकअप घ्या आणि बाजाराच्या सुट्टीला इंजिन बदला. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

मग पट्टीचा नंबर. जुन्या कोडमध्ये ‘सगळ्यात मोठा नंबर अधिक एक’ असं हमखास सापडतं. दोघांनी एकदम मागितला की दोघांना एकच नंबर. नंबरासाठी वेगळं टेबल करा, आर्थिक वर्षाला एक ओळ. ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने धरा (हा लॉक, तो सुटेपर्यंत दुसऱ्याला ती ओळ बदलता येत नाही), नंबर वाढवा, पट्टी लिहा, कमिट करा, म्हणजे बदल पक्के करा. पट्टीच्या टेबलात वर्ष आणि नंबर मिळून युनिक इंडेक्सही घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहिताच येणार नाही. आधीचे दुबार नंबर निस्तरल्याशिवाय तो बसणार नाही. ऑटो इन्क्रिमेंट (डेटाबेस आपोआप देतो तो पुढचा नंबर) इथे नको, कारण रोलबॅक झाला की मधला नंबर गळतो आणि सीए विचारत बसतात.

पट्टी दुरुस्त करताना मात्र लॉक कामाचा नाही. फॉर्म दहा मिनिटं उघडा राहतो. पीएचपीची रिक्वेस्ट, आणि तिच्यासोबत लॉक, केव्हाच संपलेला असतो. त्यासाठी टेबलात ‘आवृत्ती’ नावाचा आकड्यांचा कॉलम घाला. फॉर्म उघडताना तो आकडा लपवून सोबत पाठवा. अपडेटच्या अटीत आयडीबरोबर तोच आकडा ठेवा आणि त्याच अपडेटमध्ये तो एकने वाढवा. एकही ओळ बदलली नाही, तर मध्ये कुणीतरी हात घातलाय. तेव्हा नुसतं ‘एरर’ दाखवू नका. ‘वजन आत्ताच बदललं आहे’ असं लिहून जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी द्या. ताईंना निर्णय घेता आला पाहिजे.

खात्याची बाकी पीएचपीत वाचून, वजाबाकी करून परत लिहू नका. वजाबाकी अपडेटच्या आतच होऊ द्या.

‘साइट हँग झाली’ ही तक्रार बहुधा सेशनची (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरवर ठेवलेली माहिती) असते. फाइलमधलं सेशन रिक्वेस्ट संपेपर्यंत कुलूपबंद राहतं, म्हणून एका टॅबमध्ये महिन्याचा रिपोर्ट चालू असला की त्याच माणसाचा दुसरा टॅब थांबतो. सेशनमधून हवं ते वाचलं की लगेच ‘सेशन राइट क्लोज’ करा.

डेडलॉकचा (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडकून बसल्याचा) 1213 एरर आला, तर अख्खं ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा. 1205 मध्ये, म्हणजे लॉकची वाट बघण्याची मुदत संपली तर, सहसा फक्त शेवटची क्वेरी मागे फिरते, तिथे रोलबॅक स्वतः द्या.

लाइव्ह करण्याआधी दोन ब्राउझरमध्ये एकच पट्टी उघडा, एकात वजन आणि दुसऱ्यात भाव बदला. दुसऱ्या सेव्हला सूचना आली नाही, तर त्या पानाची अपडेट क्वेरी अजून जुनीच आहे.