ई-माउंटन बाइक डोंगरवाटेवर नेण्यापूर्वी

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला साधी माउंटन बाइक चढावर नेणे जमेनासे झाले, तेव्हा ई-माउंटन बाइकमुळे, म्हणजे बॅटरीवरच्या मोटारीची साथ असलेल्या डोंगरी सायकलीमुळे, कॅलिफोर्नियातील डोंगर मला पुन्हा मोकळे झाले. त्यामुळे या सायकलीच्या बाजूने माझे मन झुकलेले आहे, हे आधीच सांगतो. तरीही अमेरिकेत कच्च्या वाटांवर ई-बाइक असावी की नसावी या वादात विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी लक्षपूर्वक ऐकले आहे आणि त्यातील बराचसा भाग मला पटतो. ही सायकल विकत घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांनी ती कोणत्या वाटेवर न्यावी, कशी चालवावी आणि या वादात आपले मत कसे मांडावे, यासंबंधी मला जे उपयोगी पडले ते येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम आपली सायकल नेमकी कोणत्या वर्गातली आहे ते पाहावे. कॅलिफोर्नियाने 2015 साली केलेल्या कायद्याने ई-बाइकचे तीन वर्ग ठरवले आणि पुढे बहुतेक राज्यांनी तीच विभागणी स्वीकारली. क्लास 1 मध्ये पेडल मारले तरच मोटार साथ देते आणि ताशी 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर वेगाला ती साथ थांबते. क्लास 2 मध्ये वेगमर्यादा तीच असते, परंतु थ्रॉटल, म्हणजे हाताने वेग देण्याची कळ, असल्याने पेडल न मारताही सायकल चालते. क्लास 3 ची साथ ताशी 28 मैलांपर्यंत मिळते. कॅलिफोर्नियात मोटारीची कमाल शक्ती 750 वॉट, म्हणजे साधारण एक अश्वशक्ती, इतकीच असू शकते, आणि तेथे सायकलीच्या सांगाड्यावर वर्ग, वेग व वॉट छापलेले लेबल चिकटवणे उत्पादकाला बंधनकारक आहे. डोंगरवाटांवर जेथे परवानगी मिळते तेथे ती बहुतांशी क्लास 1 लाच मिळते. थ्रॉटलची सायकल घेऊन ‘मी थ्रॉटल वापरणार नाही’ असे म्हणण्याला काही अर्थ नाही, कारण नियम सायकलीला लागू होतो, चालवणाऱ्याच्या हेतूला नव्हे. आणि ज्या दुचाकीला नावापुरती पेडल आहेत, पण जी ताशी 40 मैल सहज पळते, ती दुकानदाराने कितीही ‘ई-बाइक’ म्हणून विकली तरी कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलच आहे. माझ्या मते या वादातील निम्मी कटुता अशाच वाहनांनी निर्माण केली आहे.

वर्ग कळला की पुढचा प्रश्न जमीन कोणाची हा आहे, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. एकाच सकाळच्या फेरीत आपण चार वेगवेगळ्या यंत्रणांच्या हद्दीतून जाऊ शकतो आणि प्रत्येकीचा नियम निराळा असतो. फॉरेस्ट सर्व्हिस ही केंद्र सरकारची वनयंत्रणा ई-बाइकला मोटार वाहन मानते. त्यामुळे तिच्या ताब्यातील नॅशनल फॉरेस्टमध्ये ती फक्त मोटार वाहनांसाठी खुल्या केलेल्या रस्त्यांवर आणि वाटांवर चालते. प्रत्येक फॉरेस्टचा मोटार वाहन वापराचा नकाशा विनामूल्य मिळतो, आणि आपली वाट त्यावर दाखवलेली नसेल तर ती आपल्याला बंद आहे असेच समजावे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (इतर सरकारी जमिनी सांभाळणारी यंत्रणा) आणि नॅशनल पार्क सर्व्हिस (राष्ट्रीय उद्याने सांभाळणारी) यांच्या बाबतीत ऑगस्ट 2019 मध्ये, या दोन्ही यंत्रणा ज्यांच्या खात्यात येतात त्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यांनी ई-बाइकला वाट मोकळी करून देण्याचा आदेश काढला आणि 2020 च्या अखेरीस दोन्ही यंत्रणांचे नियम आले. मात्र त्या नियमांनी सरसकट परवानगी दिलेली नाही. कोणत्या वाटेवर ई-बाइक चालेल हे स्थानिक अधिकारी ठरवतो, म्हणून एका राष्ट्रीय उद्यानात मिळालेली मुभा शेजारच्या उद्यानात गृहीत धरू नये. 1964 च्या कायद्याखाली ‘विल्डरनेस’, म्हणजे मूळ नैसर्गिक स्थितीत ठेवायचे रान, म्हणून राखलेल्या क्षेत्रात तर साधी सायकलही चालत नाही. काउंटी आणि स्थानिक मोकळ्या जागांच्या संस्था यांचे धोरण आणखी वेगळे असते. कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीने 2018 मध्ये आपल्या कच्च्या वाटा क्लास 1 साठी खुल्या केल्या, तर सॅन फ्रान्सिस्को बे परिसरातील मिडपेनिन्सुला या संस्थेने 2022 मध्ये कच्च्या वाटांवर ई-बाइक न नेण्याचा निर्णय घेतला. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री वाटेचे नाव आणि जमीन सांभाळणाऱ्या यंत्रणेचे नाव असे दोन्ही शोधावे, त्या यंत्रणेचे अधिकृत पान वाचावे, आणि तरीही खात्री होत नसेल तर कार्यालयात फोन करून विचारावे. सायकलस्वारांच्या ॲपवरील वाटेचा रंग किंवा पार्किंगमध्ये भेटलेल्या माणसाचे मत यांवर विसंबू नये. सुरुवातीच्या फलकावर ‘मोटार वाहनांस बंदी’ एवढेच लिहिलेले असेल, तर परवानगीचा स्पष्ट उल्लेख सापडेपर्यंत ती बंदी आपल्यालाही लागू आहे असे धरणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

विरोध नेमका कशाला आहे हे समजून घेतले तर वाटेवरचे वागणे आपोआप सुधारते. जमिनीची धूप हा मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येतो, परंतु इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने 2015 मध्ये पश्चिम ओरेगॉनमधील वाटांवर केलेल्या पाहणीत क्लास 1 ई-बाइकने उकरलेली माती साध्या माउंटन बाइकच्या जवळपास आणि मोटारसायकलपेक्षा बरीच कमी भरली. वळणांवर आणि चढ बदलतो तेथे थोडा फरक दिसला होता, आणि तो अनुभवालाही पटतो. ओल्या चढावर सर्वांत जास्त साथीचा मोड लावून जोराने पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरते आणि वाटेत हाताच्या पंजाएवढा खळगा पडतो. पुढच्या पावसात तेथूनच ओहळ सुरू होतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर वाट वाळेपर्यंत थांबावे, तीव्र चढावर साथ कमी ठेवावी, बसूनच पेडल मारावे, आणि उतारावर मागचे चाक घसरू न देता दोन्ही ब्रेक बेताने वापरावेत. ही सायकल साधीपेक्षा आठदहा किलो जड असते, त्यामुळे तिला थांबायला अधिक अंतर लागते हेही लक्षात ठेवावे.

माझ्या दृष्टीने अधिक गंभीर मुद्दा चढावरच्या वेगाचा आहे. उतारावर सायकल वेगाने येणार हे पायी चालणाऱ्याला ठाऊक असते आणि तो कान देऊन असतो. चढावर मात्र साधी सायकल ताशी सहासात किलोमीटरने, धापा टाकत येते, तर ई-बाइक त्याच चढावर दुप्पट वेगाने आणि जवळजवळ आवाज न करता येते. एकदा आंधळ्या वळणावर मी असाच चढून आलो आणि समोर एक वृद्ध स्त्री घोड्यावर होती. घोडा दोन पावले मागे सरकला आणि त्याचा मागचा खूर वाटेच्या कडेवरून घसरला. तिने त्याला सावरले, मला एक शब्दही बोलली नाही, पण तिचे लगाम धरलेले हात थरथरत होते. त्या दिवसापासून प्रत्येक वळणाआधी मी घंटी वाजवतो आणि साथ सर्वांत खालच्या मोडवर आणतो. घोडा दिसला की थांबावे, सायकलवरून उतरावे, उताराच्या बाजूला उभे राहावे आणि स्वाराशी साध्या आवाजात बोलावे. माणसाचा आवाज ऐकला की समोर माणूसच आहे हे घोड्याला कळते, आणि वरच्या बाजूला काही हालले तर त्याला शिकारी जनावराचा भास होऊ शकतो. चढणाऱ्याला वाट देण्याचा जुना संकेत आपल्या बाजूने असला तरी पायी चालणाऱ्यासमोर तो हक्काने वापरू नये.

तिसरा विरोध साध्या माउंटन बाइकवाल्यांचा आहे आणि त्याला इतिहास आहे. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीतील फेअरफॅक्सजवळच्या पाइन माउंटनच्या उतारावर ‘रिपॅक’ नावाच्या सायकल शर्यती सुरू झाल्या, ज्यांतून माउंटन बाइकिंग पुढे आले, आणि पुढे त्याच परिसरातील अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. बऱ्याच वर्षांच्या वाटाघाटींनंतर, स्वतःच्या हाताने वाटा खोदून आणि दुरुस्त करून या लोकांनी प्रवेश मिळवला आहे. ई-बाइकमुळे सगळ्याच सायकली ‘मोटार’ या सदरात ढकलल्या जातील ही त्यांची भीती निराधार नाही. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील टाहो नॅशनल फॉरेस्टने 130 मैलांहून अधिक वाटा पर्यावरणीय अभ्यास न करता क्लास 1 ला खुल्या केल्या, तेव्हा घोडेस्वार आणि निसर्गसंवर्धन संस्था न्यायालयात गेल्या आणि यंत्रणेला निर्णय मागे घ्यावा लागला. घाईने मिळालेली वाट अशी हातची जाते, म्हणून रीतसर प्रक्रियेला लागणारा वेळ आपण सोसला पाहिजे, असे मला वाटते.

त्या प्रक्रियेत भाग घेणे अवघड नाही. धोरण बदलण्याआधी यंत्रणा लोकांची लेखी मते मागवते आणि त्यासाठी मुदत देते. हे मतदान नसते, त्यामुळे शंभर जणांनी एकच मजकूर पाठवल्याने फारसे काही साधत नाही. वाटेचे नाव, आपण तेथे कोणत्या दिवशी आणि किती वाजता जातो, कोणते वळण आंधळे आहे, कोठे वाट इतकी अरुंद आहे की दोघे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, कोठे एकेरी दिशा ठेवल्यास प्रश्न सुटेल, असे ठोस लिहावे. वयामुळे किंवा आजारामुळे मोटारीची साथ लागत असेल तर तेही संकोच न करता सांगावे, परंतु त्याच पत्रात कोणती वाट बंद ठेवणे योग्य होईल हेही लिहावे. मी माझ्या पत्रात ज्या वळणावर तो घोडा घसरला होता ती वाट ई-बाइकला देऊ नये असे लिहिले, आणि तिच्याशेजारच्या, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी ठेवलेल्या रुंद कच्च्या रस्त्यासाठी परवानगी मागितली.