तालुक्याच्या कॉलेजातून शोधनिबंध कसा काढायचा

लॅब नाही, अनुदान नाही, वेळ नाही. स्टाफरूममध्ये ही तीन कारणं मी नऊ वर्षं सांगितली, आणि तिन्ही खरी होती. अजूनही आहेत. तरी निबंध निघाला.

आधी विषय आपल्या अंगणाच्या मापाचा करा. मी माण तालुक्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पीएचडीला डीएनएवर काम केलं होतं, तेच पुढे न्यायचं डोक्यात. इथे डीप फ्रीझर आहे, पण दुपारी लाइट जाते. शेवटी कॉलेजमागच्या माळाकडे बघितलं. चराईला खुलं रान आणि चराईबंद रान, यांत कुसळी, मारवेल, पवन्या या गवतांचं प्रमाण किती बदलतं? साहित्य म्हणाल तर प्लंबरकडून करून घेतलेली एक बाय एक मीटरची पीव्हीसीची चौकट, दोरी आणि वही. दोन्हीकडे तीस-तीस ठिकाणी चौकट टाकून आतलं गवत मोजलं. चौकट कुठे टाकायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पायाला सोयीच्या जागा निवडल्या की आकडेही सोयीचे येतात. शंका असलेली गवतं वाळवून पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ताडून पाहिली. माझी दोन चुकली होती.

वेळ जूनमध्येच मागायचा, टाइमटेबल समितीकडे. असिस्टंट प्रोफेसरला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमाने आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं; ते कमी होत नाहीत, पण बुधवारची सकाळ सलग मोकळी मिळू शकते. रविवारच्या भरवशावर राहू नका. रविवारी लग्नं असतात, नाहीतर निवडणुकीचं ट्रेनिंग. गवत सप्टेंबर-ऑक्टोबरात तुऱ्यावर येतं आणि सत्र परीक्षाही तेव्हाच, म्हणून त्या दिवसांची रजा आधीच टाकून ठेवा.

वाचायला जर्नल मिळत नाहीत ही तक्रार आता निम्मीच खरी. ग्रंथपालांना एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचा, पासवर्ड मागा. 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही जर्नल वाचायला देणारी सरकारी योजनाही सुरू झालीय. त्यात आपलं कॉलेज आहे का, तेही विचारा. शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत. तरीही अडलं तर लेखकालाच चार ओळींची मेल करा. मला बहुतेकांनी पीडीएफ पाठवली, एकाने तर सोबत कच्चे तक्तेही.

छापायचं कुठे, इथे मात्र सांभाळून. 2016 साली मी एका जर्नलला अडीच हजार भरले. तीन दिवसांत 'स्वीकृत'. एकही शंका कुणी विचारली नाही, आणि मला त्याचा आनंद झाला होता! आज ती वेबसाइटच उघडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादी, म्हणजे विश्वासार्ह जर्नलची यादीही बंद केली, म्हणजे पारख आता आपल्यावरच. मी जर्नलचे मागचे दोन अंक उघडतो. वनस्पतींच्या शेजारी बँकिंगचा लेख दिसला की खिडकी बंद. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाकून विचारतो, 'आपण खरंच आहात ना?' डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या जर्नलच्या ऑनलाइन सूचीवर लेखकाकडून पैसे न घेणारी जर्नल वेगळी काढता येतात. सुरुवात तिथून करा.

लिहिताना आधी तक्ते, मग मराठीत मसुदा, मग इंग्रजी. थेट इंग्रजीत बसलो की माझी प्रस्तावनाच संपत नाही.

जर्नल निबंध तपासायला ज्यांना देतं त्या समीक्षकांची पत्रं आली की आधी एक दिवस राग काढा, मग प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर लिहा. माझ्या समीक्षकाचा पहिलाच प्रश्न होता: खुल्या रानात जनावरं किती चरतात? गवताची काडी न् काडी मोजली होती, शेळ्या राहिल्या. त्यासाठी आणखी एक पावसाळा गेला. तेव्हा शेळ्या पहिल्या दिवसापासून मोजा.